जमणीच्या दंडावरचे चुडे

प्रिय खैरूनमावशी,

तुझ्या भाषणवालीचा सलाम.

हा कागद पाहून तू आधी हसली असतीस. म्हणाली असतीस, "मले कुटं वाचता येते वो? मले लिवनं आन् हवेत बोलनं सारखंच." खरं आहे. जिला हयातभर अक्षर ओळखू आलं नाही, तिला ती गेल्यावर पत्र लिहायचं! पण आज सकाळपासून माझ्या हातून दुसरं काही लिहूनच होत नाही.

झालं असं. इथे अकोल्याच्या दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली झाली. रोग्यांची सेवा शिकायला तीन जणी उद्यापासून येणार, आणि त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. इथल्या डाक्टरसाहेबांनी एक कोरी वही हातात दिली. म्हणाले, इथे नाना जातींचे, नाना मुलखांचे रोगी येतात. मारवाड्यांना काय चालतं, मुसलमानांना काय, कोरकूंना काय, बंजाऱ्यांना काय, असं एकेकाचं पान करा. पोरी पाठ करतील.

मला ते पटलं. लिहिलेलं मला लवकर पटतं, तो माझा जुना रोग आहे. तीन पानं झरझर भरली. चौथ्या पानावर मी 'बंजारे' असं लिहिलं, आणि पुढे एक अक्षर उमटलं नाही. लेखणी दोनदा दौतीत बुडवली, दोनदा वाळली. शेवटी वही मिटली आणि हा कागद ओढला. त्या पानावर काय लिहायचं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली तू गेलीस.

मावशी, मी तुझ्याकडे आले तेव्हा मी काय होते, आठवतं?

बापाचा मळा अमरावतीच्या वेशीला लागून. वांगी, मेथी, झेंडू. भाऊ एका कापसाच्या दलालाकडे लिखापढी करायचा आणि येताना वर्तमानपत्रं आणायचा. तेराव्या वर्षी मी विधवा झाले. नवऱ्याचं तोंड मी सगळं मिळून चार वेळा पाहिलं असेल. सासूने माझे दोन्ही हात पाट्यावर धरले आणि वरवंट्याने बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात शिरली, त्याचा वण तू पहिल्याच दिवशी बोट फिरवून पाहिला होतास. विचारलं मात्र काही नाहीस. मग माहेरी परत. भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि भावाची वर्तमानपत्रं वाचायची. वाचून वाचून माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. कोणी भेटलं की मी बोलायला सुरुवात करायची. मळ्यातले बैलसुद्धा मला कंटाळले होते, असं भाऊ म्हणायचा.

दवाखान्याला बायकांच्या खोलीसाठी बाटल्यांवरची नावं वाचता येणारी बाई हवी होती. भावाने मला आणून सोडलं. आणि तिथे तू बसली होतीस! अर्ध्या अमरावतीची नाळ तुझ्या हाताने कापलेली. पांढरे केस, पानाने लाल झालेले दात, आणि पाय पसरून जमिनीवर. सकाळी घटकाभर डाक्टरसाहेब हाडांचा तक्ता टांगून शिकवायचे. उरलेला दिवस तुझा. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही अडाणी म्हातारी मला काय शिकवणार? माफ कर, पण म्हटलं होतं खरं.

दिवस कसे होते ते! अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होता आणि इथे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्त्याने गाड्यांमागे गाड्या. झाडांच्या फांद्यांना कापूस लटकलेला, गटारात कापूस, आमच्या खोलीतल्या उशांवर उडून आलेला कापूस. आणि त्या कापसामागे माणसं. आगगाडीच्या भरावावर माती टाकायला तेलंगणातल्या बायका, रुळांखालच्या लाकडांसाठी मेळघाटात साग तोडणारे कोरकू, मारवाडी पेढीवाले, कच्छी व्यापारी, बैलांवर ओझी वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे. निरोगी होते तोवर ते बाजाराचे. आजारी पडले की आमचे.

पहिल्या आठवड्यात पाय मोडलेली एक कोरकू बाई आली. आम्ही तिला खाटेवर निजवलं की ती घसरत खाली यायची. मी तिला चांगलं पाव घटका समजावून सांगितलं, की जमिनीला ओल असते, खाट आरोग्याला बरी. तिला माझा एक शब्द कळला नाही. तू आलीस, तिच्याशेजारी जमिनीवर बसलीस, खाटेकडे बोट केलंस आणि नुसत्या भुवया उडवल्यास. तिने वर बोट दाखवलं आणि हात पसरून पडण्याची खूण केली. एवढंच. तिला उंचावर झोपायची भीती वाटत होती. तू खाट बाहेर काढायला लावलीस, खाली पेंढा, वर घोंगडी. दुसऱ्या दिवशी डाक्टरसाहेबांना तिचा पाय पाहायला गुडघ्यावर बसावं लागलं. त्यांची विजार तंग, ते उठताना केवढे लाल झाले! तू पदराआड तोंड करून म्हणालीस, "सायबाचीबी कसरत झाली."

मग ती मारवाडी सेठाची आई. दिवा लागला की ती तोंड मिटायची, औषधाचा थेंब घ्यायची नाही. तू तिचा काढा ऊन असतानाच द्यायला लागलीस. मी ते लगेच ध्यानात ठेवलं. पुढच्या आठवड्यात दुसरी मारवाडीण आली. मी मोठ्या शहाणपणाने दुपारपासून तिच्यामागे लागले, की सूर्य मावळायच्या आत पेज घ्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिची चतुर्थी होती. चंद्र दिसेपर्यंत ती पाण्यालाही शिवणार नव्हती! एक दिवा लागला की तोंड मिटणारी, दुसरी चंद्राशिवाय न उघडणारी, आणि मला वाटत होतं की मी मारवाडी शिकले.

तू म्हणालीस, "जात नाही आजारी पडत पोरी. मानूस पडते."

तुझी रीत एकच होती. जमिनीवर बसायचं. रोग्याला, नाहीतर त्याच्याबरोबर आलेल्या बाईला विचारायचं, "तुमच्याकडं असं झालं म्हंजे काय करतात, बाई?" आणि मग गप्प बसायचं. ती गप्प बसण्याची कला मला काही साधत नव्हती. मला वाटायचं, विचारायचं काय त्यात? ज्यांना कळत नाही त्यांना सांगायचं असतं. शास्त्र आपल्याकडे, विचारायचं त्यांना? मी तुझ्यामागे पुटपुटायची आणि तू न वळता म्हणायचीस, "आली भाषनवाली."

आता जमणीचं लिहिते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बंजाऱ्यांचा एक तांडा बडनेऱ्याच्या वाटेवर उतरला होता. कापूस लादताना एका बैलाने शिंग मारलं आणि जमणीचा डावा हात मनगटापासून वर उघडला. चार दिवस त्यांनी झाडपाला बांधला. मग ताप चढला तेव्हा तिची सासू तिला आमच्याकडे घेऊन आली. नवरा, त्याचा बाप आणि बाकीचे पुरुष लादलेले बैल घेऊन अकोल्याच्या वाटेला लागले होते. तांड्यावर बायका आणि पोरंच.

तिचा हात भोपळ्यासारखा सुजला होता. हातात हस्तिदंताच्या बांगड्या, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि त्या मांसात रुतलेल्या. कोपराच्या वर, दंडावर, आणखी चार; उजवा हात मोकळाच. डाक्टरसाहेब पाहून गेले. म्हणाले, सुजेत रुतलेलं सगळं काढा, नाहीतर हात जाईल. तू म्हणालीस, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून राहा, मी वस्तीत एका बाळंतिणीकडे जाऊन येते. जमणी शुद्धीवर आली की तिला विचारून काढू, सासूलेबी विचारू.

तू गेलीस. सासू बाहेर चूल पेटवत होती. खोलीत मी आणि तापाने बरळणारी जमणी.

मावशी, आदल्याच दिवशी भावाने आणलेल्या वर्तमानपत्रात मी अमेरिकेतल्या गुलामांविषयी वाचलं होतं. पायांतल्या बेड्या, गळ्यातली कडी. तिकडे माणसं बेड्या तोडायला मरत आहेत, आणि इथे ही बाई स्वतःच्या हातांत त्या मिरवते आहे, असं माझ्या मनात आलं. मी डाक्टरांच्या पेटीतली बारीक करवत घेतली. कोपराखालच्या बांगड्या एकेक करून कापल्या. तिथपर्यंत ठीक होतं. ते करणं भागच होतं, तूही केलं असतंस.

पण मी थांबले नाही. दंडावरच्या चारही कापल्या.

तिथे सूज नव्हती. त्या बांगड्या सैल होत्या, माझं बोट आतून फिरत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डाक्टरसाहेबांना मी सांगितलं की सूज दंडापर्यंत गेली होती. सगळ्यांना तेच सांगितलं. करवत फिरवताना माझ्या डोळ्यांसमोर हस्तिदंत नव्हताच. पाटा होता, वरवंटा होता, माझी सासू होती. मला वाटत होतं मी सूड घेते आहे. कोणावर, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुपार कलताना जमणीला शुद्ध आली. तिने उजवा हात डाव्या दंडावर नेला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "मरगो?"

मेला का? असं ती विचारत होती. कोपरावरचे ते चुडे नवऱ्याच्या नावाचे होते. ते जिवंत नवऱ्याच्या बायकोच्या दंडावरून उतरत नाहीत. सासू आत आली, तिने तो बोडका दंड पाहिला आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिला वाटलं, वाटेवरून काही खबर आली, आणि ती दवाखान्याने परस्पर सुनेला सांगितली. तिचा मुलगाच ना तो! तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून तिच्याबरोबर आलेल्या, बाहेर बसलेल्या तांड्यातल्या बायकाही रडत आत आल्या. मी ओरडून सांगत होते, की कोणी मेलेलं नाही, मी कापले, हात वाचवायला कापले. कोण ऐकणार? त्यांच्या मुलखात असे चुडे कोणी उगाच कापत नाही, म्हणजे मी खोटं बोलून त्यांची समजूत घालते आहे, असंच त्यांना वाटलं. जमणी भिंतीकडे वळली. तिने पाणी नाकारलं, औषध नाकारलं.

तू संध्याकाळच्या आत परतलीस. मी दारातच तुझ्यापुढे भाषण सुरू केलं. बांगड्या म्हणजे बेड्या, बाईच्या अंगावर पुरुषाच्या नावाचं ओझं कशाला, मी तिला सोडवलं, आज ना उद्या तिला कळेल. तू मला मधे तोडलं नाहीस. जमणीपाशी जाऊन तो दंड उचललास, कातडीवरून बोट फिरवलंस. तुला तिथेच कळलं, की तिथे सूज नव्हती. मला ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. मग तू मला बाहेर ओट्यावर नेलंस आणि माझं मनगट धरलंस, वण वर करून.

"हे फोडले तवा तुले कोनं इचारलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग तू तिले काहून नाही इचारलं?"

  सासूने माझे हात पाट्यावर धरले होते. मी जमणीचा हात गादीवर धरला होता. फरक एवढाच, की मी ओरडत होते आणि ती बेशुद्ध होती.

मी रडायला लागले तर तू त्यालाही सवड दिली नाहीस. म्हणालीस, "रडजो मंग. आदी ते मरून राहिली ते पाहा."

आणि मग तू जे केलंस ते कुठल्या तक्त्यावर नव्हतं. आम्ही सगळे जमणीला पटवत होतो, की तुझा नवरा जिवंत आहे. तू पटवणं बंद केलंस. सासूजवळ जमिनीवर बसलीस आणि तेच विचारलंस, जे तू सगळ्यांना विचारायचीस: तुमच्याकडं कोनी गेलं, म्हंजे घरच्या बाईले काय खाऊ घालतात? मला वाटलं तुझं डोकं फिरलं. जिवंत माणसाचं सुतक! पण सासू डोळे पुसत सांगायला लागली. बिनमिठाची ज्वारीची आंबील, तीही तांड्यातल्याच हातची. तू म्हणालीस, मग कर ना बाई, चूल तर पेटलेलीच आहे. सासूने आंबील केली. जमणीने तिच्या हातून चार घोट घेतले. आमच्या पेल्यातलं पाणी नाकारणारी बाई, दुःखातल्या बाईचं अन्न मात्र प्याली. तिच्या लेखी तो गेला होता, तर तू तिच्या त्या दुःखाचीच सेवा केलीस. अशा चार-चार घोटांवर तू तिला तीन दिवस धरून ठेवलंस.

मला सांगितलंस, "तू जाय. त्याले घेऊन ये. हातानं कापले ते तोंडानं जुडत नाहीत."

तुझे भाऊ उस्मानचाचा, त्यांची बैलजोडीची दमणी आणि मी. उजाडताना निघालो. पदराच्या गाठीत चुड्यांचे तुकडे बांधलेले. रस्ताभर कापसाच्या गाड्या, त्यातून वाट काढत चाचा बैलांशी आणि गाडीवानांशी सारख्याच प्रेमाने शिव्या देत चालले होते. विधवा बाई परक्या माणसाच्या गाडीत बसून कुठे निघाली, म्हणून दोघांनी टोमणाही मारला. चाचा म्हणाले, "मुर्दा जिंदा करने जा रही है, हटो." मी सबंध रस्ता एक शब्द बोलले नाही. चाचांनी तुला नंतर सांगितलं म्हणे, की तुझी पोरगी मुकी झाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे तांड्याचे बैल निंबांखाली उतरवलेले दिसले. जमणीचा नवरा भीमा एका बैलाच्या खुरातला काटा काढत बसला होता. मी सांगितलं, तुमच्या बायकोला वाटतं तुम्ही मेलात. तो आधी हसला. "मी मेलो? आन् मलेच कोनी सांगतलं नाही?" आजूबाजूचे हसले. मग मी गाठ सोडून तुकडे त्याच्यापुढे ठेवले. हसणं थांबलं. त्याने एक तुकडा उचलून उन्हात धरला, कापल्याची कड पाहिली.

"कोनं कापले?"

इथपर्यंत येईतो मी मनात दहा उत्तरं तयार केली होती. डाक्टरांचा हुकूम होता. सूज होती. हात वाचवायचा होता. तोंडातून निघालं ते एवढंच, "मी कापले. तिला न विचारता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटांकडे. तिथे काही नव्हतं, तो वण होता. त्याने तुकडा मुठीत घेतला. मग बापाला हाक मारली, त्यांच्या बोलीत काही सांगितलं, पागोटं बांधलं आणि दमणीत येऊन बसला. वाटेत त्याने मला एकच गोष्ट विचारली, तिचा हात राहील का. मी म्हटलं, ती जेवली तर राहील.

आम्ही परतलो तेव्हा तू आधीच सगळं मांडून ठेवलं होतंस. बायकांच्या खोलीत डाक्टरांखेरीज पुरुष येऊ शकत नव्हता, म्हणून जमणीची बाज उचलून दारापाशी आणलेली, आणि मधे तुझीच ओढणी पडद्यासारखी बांधलेली. सासूने भीमाला पाहिलं आणि ती जमिनीवर बसलीच. तिने त्याच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवून पाहिले. तो पडद्याबाहेर उभा राहिला. बायकोचं नाव तो घेईना. नुसता खाकरला.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या जमणीची पाठ हलली.

"धवळ्याच्या खुरात काटा शिरला," तो म्हणाला, "आन् तू इथं झोपून राहिली."

ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही. तू ओढणीचा एक कोपरा वर केलास. सासूने आपल्या दंडावरच्या चुड्यांतले दोन, बाकीचे तसेच ठेवून, तेल लावून उतरवले. तिचा धनी मागे बैलांपाशी धडधाकट होता, तरी तिने आधी मुलाला दोनदा विचारून खात्री केली. मग तू जमणीला विचारलंस, डावा दुखतो, उजव्यात घालू का? तिने मान हलवली. ते भीमाने घातले. मग ती माझ्याकडे वळली आणि पाणी मागितलं. माझ्याकडे, मावशी! तू पेला मुद्दामच माझ्या हातात देऊन ठेवला होतास.

तिचा हात राहिला. दोन बोटं मात्र शेवटपर्यंत नीट वळली नाहीत. तांडा निघाला तेव्हा सासूने तुला एक तुकडा दिला, मी कापलेल्यातला. तू तो मला दिलास. तो माझ्या पेटीत आहे.

आणि मग, सगळं निवल्यावर, एका दुपारी आपण पट्ट्यांसाठी सरकी काढत बसलो होतो. तू कापसातून नजर वर न काढता मला विचारलंस, "तुले पायजे होते का वो? तुह्ये?"

बांगड्यांविषयी विचारत होतीस. जगात कोणी मला ते विचारलं नव्हतं. बापाने नाही, मला वाचायला शिकवणाऱ्या भावानेही नाही. मी विचार करून सांगितलं, की नको. तू म्हणालीस, "बरं." आणि सरकी काढत राहिलीस. मावशी, हात माझे तेराव्या वर्षापासून रिकामे होते, पण ते 'नको' त्या दिवशी माझं झालं.

त्यानंतर मी पुष्कळ बोलले. अमरावतीत, मूर्तिजापुरात, अंजनगावच्या बाजारात ओट्यावर उभी राहून बोलले. लोकांनी ऐकलं, काहींनी दगडही मारले. विधवांचे हाल, मुलींची शाळा, शिवाशिव, सगळ्यावर बोलले. चुड्यांची गोष्ट एकदाही सांगितली नाही. मला भीती होती. विरोधक म्हणतील, पाहा, हीच ती, जी दुसऱ्यांच्या बायकांचे चुडे कापते. आणि ते खोटं नसेल.

तुझ्याशी माझं एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, ते तू गेलीस म्हणून मी सोडणार नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक पोर भाजून आली होती, तेव्हा खोलीतल्या दोघी म्हणाल्या की ही आत आली तर आम्ही जातो. आणि तू, सगळ्यांचं ऐकणारी तू, तिची बाज ओट्यावर टाकलीस! मी तेव्हा तुला वाटेल ते बोलले. तुला बाकी सगळं विचारायला सुचायचं, त्या पोरीला कोणी विचारलं? तू तुझी भाकर घेऊन ओट्यावर गेलीस आणि रोज दोन्ही वेळा तिच्याबरोबर जेवलीस, ती बरी होईपर्यंत. ते पाहून चौथ्या दिवशी त्या दोघींतली एक स्वतःच म्हणाली, की आत आणा, ऊन लागते पोरीला. तरीही ते तीन दिवस तिला उन्हात काढावे लागले, मावशी. ते मी मोजते.

यातून मला जे कळलं ते तुझं आहे का माझं, मला आता सांगता येत नाही. जो रिवाज माणूस स्वतःच्या अंगावर घेतो, तो त्याला विचारून जपायचा. जो दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, त्याच्याशी भांडायचं. पहिलं तू मला शिकवलंस. दुसरं मी तुला शिकवलं असतं, तू थोडी थांबली असतीस तर!

पण तू थांबली नाहीस. या उन्हाळ्यात अमरावतीत पटकी आली आणि तू वस्त्यांतून फिरत राहिलीस. उस्मानचाचांनी दुसऱ्याकडून चिठ्ठी लिहवून घेतली, ती मला मिळाली तेव्हा तुला माती देऊन चार दिवस झाले होते. आता आगगाडी झाली. ज्या रस्त्याला मला तेव्हा अख्खा दिवस लागला, तो मी काही तासांत ओलांडला, आणि तरी उशीर झाला. तुझ्या मातीवर मी मूठभर सरकी काढलेला कापूस ठेवून आले. दुसरं काय आणणार होते? चाचा म्हणाले, शेवटच्या दिवशी कोणीतरी तुला पाणी पाजायला आलं तर तू आधी विचारलंस, तू जेवलीस का वो.

मी तुला एकदाही म्हटलं नाही की तू माझी गुरू आहेस. दंडावर सूज नव्हती हे तुला माहीत होतं आणि तू ते डाक्टरांना सांगितलं नाहीस, हे मला माहीत होतं, हेसुद्धा कधी बोलले नाही. तू मला वाचवलंस ते मी गिळून बसले. इतकं बोलणारी बाई मी, नेमक्या जागी मुकी!

तर ऐक. ती वही मी साहेबांना परत करणार आहे. तीन पानं फाडली; त्यातली अर्धी खोटी होती, आणि उरलेली एखाद्या चतुर्थीला खोटी ठरली असती. साहेब रागावतील. रागावू देत.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र मी उद्या सकाळी मोठ्याने वाचणार आहे, त्या तिघींसमोर. हाडांच्या तक्त्याच्या आधी. खुर्चीवर बसून नाही, तुझ्यासारखी जमिनीवर पाय पसरून. तो हस्तिदंताचा तुकडा त्यांच्या हातांत देईन आणि सांगेन, की तिथे सूज नव्हती. गावभर झालं तर होऊ दे. वाचून संपलं की पहिल्या खाटेपाशी त्यांना नेईन. कोण असेल त्या खाटेवर, कुठली असेल, मला माहीत नाही, आणि मी आधीच ओळखायला जाणार नाही. तिला विचारीन, तुमच्याकडं असं झालं म्हणजे काय करतात, बाई?

आणि मग, मावशी, तुझी शपथ, मी गप्प बसेन.

तुझी भाषणवाली,
सारजा